दिरी म्हणजे ‘इथे’ नव्हे

काम तसं साधं होतं. पालिकेच्या कचेरीतून एक पाकीट उचलायचं, नऊ किलोमीटर खाली या कान्दायाव धक्क्यावर यायचं आणि रात्री एकच्या भरतीला माझ्या होडीत बसायचं. सकाळी दहाच्या आत पाकीट प्रांताच्या कचेरीत पोचलं की संपलं. तारीखही सांगतो, म्हणजे म्हातारा माडी पिऊन फेकतोय असं कुणी म्हणायला नको. दोन हजार तेवीस, पंधरा जून, गुरुवार. अमावास्येला तीन दिवस होते.

पाकीट आणणार होती इतास. शाळेच्या फाटकाशी करवंटीतली गोड मिठाई, बिनागोल, विकते ना, तीच. तेव्हा ती पालिकेत कारकून होती. आपल्या गावाची माहितीपुस्तिका बावीस वर्षं तिनेच लिहिली. लोकसंख्या किती, नारळाची झाडं किती, विहिरी किती, गाव कसं वसलं. दर तीन वर्षांनी तेच पुस्तक, फक्त नारळ थोडे वाढवायचे. घरी तिचं तोंड तिखट, पण कचेरीत साहेब म्हणतील त्याला ‘हो साहेब’. सहा माणसं तिच्या पगारावर जेवत होती, तिला तरी काय नावं ठेवायची?

त्या वर्षी पुस्तिकेतलं एकच पान बदललं होतं. तेव्हाच्या मेयरच्या मनात आलं की गावाला त्याच्या पणजोबाचं नाव द्यायचं. व्हिला कासिमिरो. या कासिमिरोचं कर्तृत्व काय, तर टेकडीवरची सगळ्यांची जमीन एका रात्रीत कुंपण घालून आपली केली. आणि पानावर छापलं काय? ‘हे गाव कासिमिरो यांनीच वसवले. जुने नाव दिरी, म्हणजे इथे, हा अर्थहीन शब्द आहे.’ खाली सही इतासची. साहेब समोर उभा राहिला, तिने केली. तेच पान त्या पाकिटात होतं.

काय गं क्लारिन, हसायला काय झालं?

“आपोय, तिकडे सेबू बेटावर कॉलेजात माझी रोज हीच शोभा होते,” नात म्हणते. “त्यांच्या भाषेत दिरी म्हणजे इथे. ‘तू कुठली?’ ‘दिरीची.’ ‘अगं, इथली म्हणजे कुठली?’ मी तर फॉर्मवर दुसऱ्याच गावाचं नाव लिहिते.”

लिहितेस? वा! उचलला पेन, लावला कागदाला. आता गेलेले दिवे परत येईपर्यंत हलू नकोस इथून. तुझ्यासाठीच सांगतोय असं समज.

सेबूचं राहू दे. आपल्या भाषेत दिरी म्हणजे काय? नाही. शाळेतली पोरंसुद्धा खेळतात ना, ‘गावाचं नाव काय?’ ‘नाही.’ ‘सांग की!’ ‘नाही म्हटलं ना!’ तो काही खेळ नव्हता, पोरांनो. कास्तिल्यांची, म्हणजे त्या स्पॅनिश लोकांची पलटण आली तेव्हा सगळं गाव भाताची पोती घेऊन टेकडीमागे लपलं होतं. वाटेवर उरली एकच अनवाणी बाई. अधिकारी घोड्यावर, हातात कागद. लगाम धरून चालणारा दुभाषा सेबूचा. त्याने विचारलं, “या जागेचं नाव काय? माणसं कुठे गेली?” बाई म्हणाली, “दिरी.” नाही सांगणार. सेबूवाल्याने ऐकलं ‘इथे’, आणि मालकाला तेच सांगितलं. मालकाने कागदावर नाव लिहिलं, दिरी. मग ‘इथे’ शोधशोध शोधलं, एक माणूस सापडेना. तेव्हा त्या बाईला रस्त्यातच कापली. तिचं नावही कुणाला माहीत नाही. इतासच्या पुस्तिकेत नारळांना ओळ होती, तिला नव्हती.

ती जागा म्हणजे सहाव्या किलोमीटरचं वळण. तिथे अजून कधीकधी रात्री विचारतात. आमचे बाप सांगायचे, विचारलं तर खाली बघायचं, ‘वाट द्या, मालक’ म्हणायचं आणि सरळ पुढे जायचं. नाव सांगायचं नाही. जे सांगाल ते तो लिहितो, आणि त्याने लिहिलं की ते आपलं राहत नाही. माझ्या लहानपणी एका मासेवाल्याने घाबरून आपल्या वाडीचं नाव सांगितलं होतं. बागालुंगोन. ऐकलंय कुणी?

नाही ना. नकाशावरही सापडायची नाही.

तर इतास अकरा वाजून वीस मिनिटांनी निघाली. मोटारसायकल तिच्या भावाची, पायात रबरी बूट, पाकीट छातीशी रेनकोटच्या आत. धक्क्यावर येऊन तिने मला जे सांगितलं तेच सांगतोय, माझं मीठमसाला काही नाही.

सहाव्या किलोमीटरला तेव्हा रस्त्याचं काँक्रीट चालू होतं. उजवी अर्धी बाजू त्याच रात्री नऊला ओतलेली, अजून ओली. मधून दोरी, दोरीला चिंध्या. डाव्या बाजूने जेमतेम एक गाडी जाईल. इतासने वेग कमी केला आणि वळणावर गाडी बंद पडली. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. दिवाही गेला. तिने मोबाईल काढला, अकरा चाळीस.

मग तिच्या लक्षात आलं की बेडूक गप्प झालेत.

आणि वास आला. ओल्या घोड्याचा. आपल्याकडे रेडे आहेत, बकऱ्या आहेत. घोडा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात या गावात घोडा नाही.

समुद्राच्या बाजूने काहीतरी वर आलं. उंच. त्याच्या शेजारी एक बुटकं. इतासने मान खाली घातली.

“बाई...”

आवाज बुटक्याचा. थकलेला. एकच वाक्य हजारदा बोललेल्या माणसाचा.

“बाई... मालक विचारतात. या जागेचं नाव काय?”

“वाट द्या, मालक,” इतास म्हणाली.

वाट दिली नाही.

“नाव काय?”

“वाट द्या...”

“नाव.”

तिची पाचावर धारण बसली. हात हँडलला चिकटलेले. आणि पोरांनो, माणूस भ्याला की जन्मभराची सवय तोंडात येते. तिच्या मनात आलं, पाकिटात एक नाव आहेच की छापलेलं. सहीसुद्धा झालीय. देऊन टाकावं. ‘हो साहेब’ म्हणावं आणि सुटावं. तिचं तोंड उघडलं.

“व्हि...”

वर, घोड्यावर, कागद खरखरला. टाक चालू झाला.

त्या वळणावरून मागे बघितलं तर गाव दिसतं, ठाऊक आहे ना? तिने मागे बघितलं. चर्चच्या टोकाचा दिवा गेला. मग त्याच्या अलीकडचा. मग बाजाराचा... शाळेचा... कुणीतरी एकेक फुंकून टाकावा तसे. तिची गल्ली आली. तिच्या घरात तिची आई होती, दोन लेकरं होती.

तिच्या दाराचा दिवा फडफडला.

“दिरी!” इतास ओरडली.

टाक थांबला. बुटका मान वर करून मालकाला म्हणाला, “बाई म्हणते, ‘इथे’.”

आणि हे ऐकलं मात्र, तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती मला म्हणाली, “मानो सेलो, तोच शब्द मी दुपारी टाईप केला होता. त्याची चूक, माझ्या बोटांनी. मला माझीच शिसारी आली.” गाडी सोडून ती रस्त्यात उभी राहिली आणि तोंडाचा पट्टा सोडला.

“इथे नव्हे, मेल्या! तीनशे वर्षं झाली, अजून भाषा शिकला नाहीस? दिरी म्हणजे नाही! नाही सांगणार. नाही देणार. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. हे नीट सांग तुझ्या मालकाला. आणि तो लिहितोय ना? म्हणावं, खोड आधीचं आणि नीट लिही!”

हसा, हसा. मेलेल्याला मेल्या म्हणणारी बाई मीही दुसरी बघितली नाही. पण तेव्हा तिथे कुणी हसलं नाही.

बुटका मालकाकडे वळला.  मग त्याने मालकाला काहीतरी सांगितलं, अगदी हळू. तिला वाटलं त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं.

घोडा पुढे आला.

टापा वाजत नव्हत्या. ओल्या सिमेंटमधून येत होता.

चप्... चप्...

इतासने डोळे मिटले. मागे सरली नाही. ओठातल्या ओठात तेवढंच... दिरी... दिरी...

चप्.

घोड्याचा श्वास तिच्या कपाळावर. थंड. वर काहीतरी म्यानातून निघालं, तो आवाज तिने ओळखला नाही, पण अंगाने ओळखला.

दिरी...

आणि घोडा थांबला. पुढे काही आडवं आल्यावर जनावर थांबतं तसा. फुरफुरला. पुन्हा टाच मारल्यासारखं झालं, पुन्हा थांबला. तिच्या आणि त्याच्या मध्ये... ती म्हणते, काहीतरी होतं. काय ते तिने डोळे उघडून बघितलं नाही. मी असतो तर मीही बघितलं नसतं.

मग एक बेडूक ओरडला. मग सगळे.

डोळे उघडले तर रस्ता मोकळा. मागे गावातले दिवे जिथल्या तिथे. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती इथे आली, या बाकावर बसली. मी कंदील वर केला. चेहरा पांढराफटक, पण डोळे असे की मीच एक पाऊल मागे गेलो. तिने पाकीट फोडलं, ते पान काढलं, सहीसकट उभं फाडलं आणि माझ्या चुलीत घातलं.

“अगं, उद्या नोकरी जाईल,” मी म्हटलं.

“जाऊ दे. बावीस वर्षं हो हो करून तोंड आंबलं माझं, मानो.”

“आणि पोरं खाणार काय?”

“काहीतरी विकेन. गाव विकण्यापेक्षा बरं.”

 मोठमोठे लोक त्या मेयरसमोर मूग गिळून बसले होते. मीही. माझ्या होडीतून त्याचीच पाकिटं जात होती आणि मी कधी आत काय आहे विचारलं नाही. ही चार फुटांची बाई उभी राहिली.

दुपारी बारापर्यंत तिची नोकरी गेली. दहाची मुदतही गेली. पुढच्या वर्षी मेयरने प्रस्ताव पुन्हा आणला, पण तोवर ही गोष्ट घरोघर झाली होती, आणि लोकांनी मतदानच मागितलं. चिठ्ठीवर ‘होय’ आणि ‘नाही’ एवढंच होतं. काय निघालं ते वेशीवरच्या पाटीवर वाचा. क्लारिन, तूसुद्धा वाच, आणि पुढच्या फॉर्मवर ते नाव मोठ्या अक्षरात लिही. कुणी ‘इथे’ म्हणालं तर इतासने काय सांगितलं ते सांग.

आता म्हणाल, बाई दमलेली, रात्र काळी, दिसलं असेल काहीबाही. मीही तसंच म्हटलं असतं. पण सकाळी सहाला रस्त्याच्या कामावरचे गडी बोंबलत आले, रात्री कुणी जनावर घालून सिमेंटची वाट लावली म्हणून. इतास आणि मी, दोघं गेलो. तोवर ते वाळून दगड झालं होतं. नंतर कुणी भरलं नाही, कुणाची छातीच झाली नाही. उद्या जाताना बघा, समुद्राच्या बाजूला.

समुद्राकडून टापा वर आल्यात. नालांच्या, खोल. रस्त्याच्या मध्यापर्यंत, आणि तिथे जागच्या जागी चार-पाचदा आपटलेल्या. पुढे नाहीत.

त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, दोन पावलं. माणसाची. अनवाणी, लहान, बोटं फाकलेली. इतासच्या पायात बूट होते, आणि ती दोरीच्या अलीकडे होती, कोरड्या बाजूला. त्या पावलांपर्यंत यायला एक पाऊल नाही. तिथून जायला एक पाऊल नाही. नुसती दोन, शेजारी शेजारी, बोटं घोड्याकडे. टाचा चार बोटं रुतल्यात... आणि केसभरही मागे घसरलेल्या नाहीत.