कड्याखालची तिरीप

ओलेटा गेल्याचं कळलं तेव्हा डेल्बर्ट सोलर पॅनेल पुसत होता. न्यू मेक्सिकोच्या त्या उंच, कोरड्या माळावर रोज धूळ उडते आणि पॅनेल पुसलं नाही तर संध्याकाळी दिवा लागत नाही. विजेची तार तिथवर आलेली नाही, नळही नाही. एक लाकडी खोली, लोखंडी शेगडी, मागे पाण्याची टाकी. नवरा-बायकोला तेवढं पुरत होतं.

शेरीफचा माणूस गाडीतून उतरला आणि त्याने टोपी काढली. ते पाहूनच डेल्बर्टने हातातलं फडकं खाली ठेवलं.

ओलेटा गावातून पाणी भरून परत येत होती. तिची पिकअप कोरड्या ओढ्याच्या काठी उभी सापडली. चाक रुतलं नव्हतं, इंजिन लगेच सुरू झालं, मागची टाकी काठोकाठ भरलेली होती. आणि ओलेटा तिथून लांब, काळ्या कड्याखाली, उन्हाने आणि तहानेने मरून पडली होती.

"पाणी सोडून ती निघाली कशाला?" डेल्बर्टने विचारलं.

"पावलं सरळ गेलीत," तो माणूस म्हणाला. "भरकटल्यासारखी नाहीत. घरी चालल्यासारखी."

माळावर काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही, हे नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला ओलेटाच दरडावून सांगायची. मग ती स्वतः का उतरली? दफन झालं, लोक आले-गेले, तरी डेल्बर्टच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना.

टाकीने तळ गाठला तेव्हा त्यालाही त्याच रस्त्याने पाण्याला जावं लागलं. परत येताना ओढ्यापाशी चाकोऱ्या दहा दिशांना फुटतात. तिथे प्रत्येक जण आपल्या पॅनेलची तिरीप बघून गाडी वळवतो. ज्याचं पॅनेल जसं कललेलं, तशी त्याची चमक. आपली तिरीप माणूस चुकत नाही. डेल्बर्टला आपली तिरीप दिसली. त्याने चाक वळवलं आणि लगेच ब्रेक दाबला.

तिरीप डावीकडे होती, काळ्या कड्याखाली. त्याची खोली तर समोर होती. समोरही तशीच तिरीप चमकत होती.

पुढच्या फेरीआधी त्याने आपल्या पॅनेलवर ताडपत्री बांधली. परतताना समोर काही चमकलं नाही. कड्याखाली मात्र चमकत होतं.

ताडपत्री त्याने काढलीच नाही. खोलीत दिवा लागेनासा झाला. तिन्हीसांजेला अंधारात बसून तो कड्याकडे बघायचा. तिथे कुठेतरी पिवळी खिडकी उजळायची.

शेजारीण बर्निस घेवड्याचं पातेलं घेऊन आली. शेजारीण म्हणजे माळाच्या पार दुसऱ्या टोकाची.

"कड्याखाली कोणी घर बांधलंय का गं?" त्याने विचारलं.

"तिथे? फुकट दिलं तरी सरडा राहायचा नाही तिथे. तू आधी खा. बुजगावणं झालंय तुझं."

"माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चल."

"या वयात फिरायला नेतोस होय? ओलेटा झिंज्या उपटेल माझ्या." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग मुकाट्याने गाडीत बसली.

ओढ्यापाशी त्याने गाडी थांबवली. वारा पडला होता. तिरिपीखाली आता भिंती दिसत होत्या, छप्पर दिसत होतं, धुराडंही.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"माझीच खोली आहे ना?"

बर्निसने डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ पाहिलं.

"नाही रे. निळा पत्रा आहे. दाराशी पिंप उलटं पडलंय." तिने हात खाली घेतला. "ते माझं घर आहे, डेल्बर्ट."

तिचं घर त्यांच्या पाठीमागे होतं, माळाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"गाडी काढ," ती म्हणाली. "तिकडे बघू नकोस. काढ म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी तिने घराला कुलूप लावलं आणि ती बहिणीकडे निघाली. जाताना त्याच्या दाराशी थांबली, पण गाडीतून उतरली नाही.

"तूही चल. एक पिशवी भर आणि चल."

"ओलेटाने काय पाहिलं ते मला कळायला हवं."

"आणि कळल्यावर? परत येणार आहे का ती?"

 तिच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत तो दारात उभा राहिला.

पाणी पुन्हा संपलं. पुन्हा तो टाकी भरून ओढ्यापाशी आला. सकाळचं ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं.

खोली आता कड्याखाली नव्हती. ती रस्त्यालगत आली होती. चालत गेलं तर तहान लागायच्या आत पोचता आलं असतं.

धुराड्यातून धूर निघत होता. ओलेटा शेगडीत जाळायची त्या जुनिपरच्या लाकडाचा वास गाडीत आला.

जाळीचं दार आपटलं. त्यांच्या दारासारखंच, आधी जोरात, मग हळू.

आत कोणीतरी भांडी घासत होतं. आणि घासताना गुणगुणत होतं. सूर अर्ध्यावर तुटायचा, ओलेटाचा तुटायचा तसाच.

त्याने हाक मारली नाही. तरी गुणगुणणं थांबलं.

"बाहेर काय बसलास?" आतून आवाज आला. "ये की."

खोलीच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत होते. ओलेटाचा फुलाफुलांचा झगा. त्याच्या शेजारी एक चौकटीचा सदरा, कोपराला ठिगळ लावलेला. अजून पाणी गळत होतं त्यातून.

डेल्बर्टने मान खाली घालून आपल्या अंगातला सदरा पाहिला. कोपराचं ठिगळ पाहिलं.

गाडीचं दार त्याने उघडलं होतं. पाय अजून खाली टेकला नव्हता.