दुधाची माफी

अजीजाबीने लेकाकडे पाठ फिरवली... आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हुंदका आतल्या आत दाबला!

सात वर्षांनी तुरुंगातून सुटून वली परंड्याला आला होता. हातातलं गाठोडं टाकून त्याने आधी आईचे पाय धरले होते. "अम्मा, दूध बख्श मला!"

आईने दुधाची माफी दिल्याशिवाय लेकाला मेल्यावरही शांती नाही, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. दोन शब्दांचं काम. पण तेच तिच्या ओठांवर येईनात.

बांधावरच्या भांडणात वलीने शेजारच्या रानातल्या शिवम्माच्या एकुलत्या एका लेकाच्या, बंडप्पाच्या डोक्यात काठी घातली आणि तो जागीच गेला, तेव्हा ते पाहणारी एकटी अजीजाबीच होती. "मी पाहिलं नाही, एवढंच म्हण," म्हणून सारी भावकी तिच्या पाया पडली. पण उस्मानाबादच्या कोर्टात शपथ घेतल्यावर ती म्हणाली, "व्हय साहेब... माझ्याच पोरानं मारलं." न्याय झाला, असं सारं गाव म्हणालं; पण त्या न्यायाखाली एक आई चिरडली गेली, ते कुणाला दिसलं नाही! भावकीने तिला टाकलं. आणि ही वेडी माय सात वर्षं शिवम्माच्या रानात पेरायला, खुरपायला जात राहिली. न बोलता, मजुरी न घेता.

"सजा भोगली ना म्या? सरकारनं सोडलं, अन् तू सोडंना?" वली ओरडला.

"सरकारचं झालं, बाबा. शिवम्माचं न्हाय झालं. आधी तिच्या दारात जा."

तो तणतणत निघून गेला. आता हा काही परत येत नाही, या विचाराने तिचं काळीज फाटलं.

दिवस कलताना तो आला, मान खाली घालून. मागे शिवम्मा होती.

"म्या ह्याला माफ केलं न्हाय," शिवम्मा म्हणाली. "मरेस्तोवर व्हायचं न्हाय ते. पण दुपारधरनं उन्हात दाराशी बसला, उठंना. माझा बंडप्पा काय आता मागायला यायचा न्हाय, अजीजा... तू ह्याला न्हाय म्हणू नगंस."

"बख्शलं रे, माझ्या राजा... बख्शलं!" अजीजाबीने लेकाचं डोकं छातीशी धरलं आणि इतक्या वर्षांचं रडू एकदम फुटलं.

किती तरी वेळाने तिने वर पाहिलं. उंबऱ्यात शिवम्मा नव्हती. दुसरीच्या लेकाला आईच्या कुशीत पाहणं तिला सोसवलं नव्हतं.