गाठ तपासायची राहिली

सिस्टरची आणि त्याची पहिली भेट झाली, तेव्हा ती घोडीच्या पोटाखाली होती. घोडी आपली शांत उभी, खोगीर फिरून तिच्या पोटाखाली आलेलं, आणि खोगिराला दोन्ही हातांनी धरून सिस्टर लोंबकळत होती. रिमझिम पाऊस थेट तिच्या तोंडावर पडत होता.

"सोडा हात," वरून आवाज आला. "जमीन वीतभरच खाली आहे."

तिने हात सोडले आणि ती चिखलात बसली. समोर गुडघ्यापर्यंतचे बूट आणि त्यांच्या बऱ्याच वर, हसू दाबणारा एक चेहरा.

"चुकलं माझं," ती सवयीने म्हणाली.

"तुमचं काय चुकलं? पोटाखालचा पट्टा आवळताना ही म्हातारी पोट फुगवते. चार पावलं चालली की श्वास सोडते, आणि मग पट्टा ढिला. नव्या माणसाला ती असंच जोखते."

"आणि तुम्ही हे आधी सांगत नाही?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही एवढ्या घाईने चढलात... म्हटलं, बाईंना येत असेल."

म्हातारी हे घोडीचं नाव. त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. शहरातल्या लोकांना घोड्यावरून डोंगरात न्यायचं, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट परत आणायचं, हे त्याचं काम. सिस्टर खरं तर यायचीच नव्हती. ताईच्या मैत्रिणीने ऐनवेळी टांग दिली आणि रिकाम्या घोड्यावर ताईने धाकट्या बहिणीला बसवलं. "जरा हवापालट होईल तुला," ताई म्हणाली होती. तिला हवापालट नको होता, झोप हवी होती. नऊ वर्षं ती इस्पितळात नर्स होती आणि आता तर घरात भावोजीसुद्धा तिला सिस्टरच म्हणत.

तिच्या पिशवीत तळाशी एक टाइप केलेलं पत्र होतं. वॉर्डातल्या एका डॉक्टरने चार्टवर औषधाचा डोस चुकीचा लिहिला होता. तिने दोनदा विचारलं होतं, दोनदा "लिहिलंय तेवढंच द्या" असं ऐकलं होतं. रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण फायलीला कोणाचं तरी नाव हवं होतं. मेट्रनबाईंनी पत्र तयारच करून दिलं : चूक माझी आहे, याखाली सही. "एक ताकीद मिळेल आणि विषय मिटेल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचं पुढचं सगळं अडकेल गं." सोमवारी नऊ वाजता सही करायची होती. सिस्टरने करायचं ठरवलंही होतं. भीतीने नव्हे, भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं म्हणून.

सहल पहिल्या तासापासूनच रडतखडत चालली. भावोजींचा घोडा दर झुडपापाशी थांबून खात होता आणि भावोजी त्याच्याशी जावयाशी बोलावं तसं अदबीने बोलत होते. ताईची टोपी दरीत गेली. दुपारी थांबल्यावर कळलं की पावाची पिशवी म्हातारीने केव्हाच संपवली आहे, प्लास्टिक तेवढं बाजूला ठेवून.

"तुम्ही दर दोन मिनिटांनी सॉरी म्हणता," उस्ताद शेजारून म्हणाला. त्याचा घोडा आता म्हातारीला खेटून चालत होता. "मघाशी घोडीला पण म्हणालात."

"तिच्या पाठीवर बसलेय मी."

"ते तिचं काम आहे. माझं काम तुम्ही पडू नये हे."

"सकाळी पडले की."

"म्हणून तर आता इतक्या जवळून चालतोय."

तिला पुष्कळ दिवसांनी असं काही ऐकायला मिळालं होतं. कान गरम झाले ते तिने चढणीच्या नावावर खपवलं — चढण तेव्हा संपलेली होती.

मुक्कामाला पोचल्यावर तंबूचे खांब पागेतच राहिल्याचं लक्षात आलं. ताई-भावोजी तंबू फांदीला टांगायच्या खटपटीला लागले. उस्तादने दोन झाडांमध्ये लांब दोरी ताणली आणि चारही घोड्यांच्या दाव्यांच्या कड्या तिच्यात ओवल्या. दोरीचं एक टोक सिस्टरने बांधायचं ठरलं. त्याने गाठ दाखवली. एका ओढीत सुटणारी, म्हणजे घोडा बिथरला तर लगेच मोकळा करता यावा. त्याच्या ओल्या बोटांनी तिची बोटं दोनदा जागेवर आणून ठेवली. दुसऱ्यांदा खरं तर गरज नव्हती.

"आता हे उरलेलं टोक या फासातून घालून अडकवायचं. नाहीतर म्हातारी दातांनी ओढून सोडवते. पण ते माझं काम. अंधार पडायच्या आत प्रत्येक गाठीवरून माझा हात फिरतो. पागेचा नियम आहे."

तो दुसऱ्या झाडाकडे गेला. सिस्टर गाठीखाली बुंध्याला टेकून बसली, फक्त मिनिटभर म्हणून. डोळे उघडले तेव्हा सूप उकळत होतं, उजेड ओसरला होता, आणि तिच्या अंगावर घोड्याचा वास येणारं जाडजूड घोंगडं होतं.

सकाळी दोरी गवतात पडलेली होती. घोडे नव्हते.

"गाठ माझी होती," सिस्टर म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं होतं गं पुढे पुढे करायला?" ताई वैतागली. फोनला रेंज नव्हती आणि पागा अकरा किलोमीटर लांब होती.

उस्ताद त्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. त्याने दोरीचं मोकळं टोक उचलून पाहिलं. मग म्हणाला, "घरीच गेले असणार ते. चला, निघू या."

चार तास ते चालले. नवे बूट चावत होते, पाऊस येऊन-जाऊन होता, भावोजींचेही विनोद संपले. उस्तादने सिस्टरची पिशवी आपण होऊन खांद्यावर घेतली, पण बोलला नाही. कालचं ते खेटून चालणं, ती थट्टा, सगळं जणू घोड्यांबरोबर पळालं होतं. हे गप्प राहणं तिच्या ओळखीचं होतं. वॉर्डात काही बिनसलं की लोक असेच गप्प होतात आणि कोणाच्या गळ्यात घालायचं याचा विचार करतात. तिला वाईट वाटलं. या माणसाकडून तरी तिला ते नको होतं.

पागेच्या फाटकात मालकीणबाई उभ्या होत्या, झोपायच्या कपड्यांवर रेनकोट चढवून. पहाटे चार रिकामे घोडे दारात आलेले बघून त्यांनी नको नको ते सगळं मनात आणलं होतं. त्यांनी आधी माणसं मोजली, दोनदा. मग विचारलं, "दोरी कोणी बांधली होती?"

सिस्टरचा हात आपोआप अर्धा वर गेला. "मी. चुकलं मा—"

"गाठ त्यांची बरोबर होती," उस्ताद म्हणाला. "टोक मी अडकवलं नाही. चूक माझी."

"विसरलास?"

"आधी गेलो होतो तिथे, तरी अडकवलं नाही. नंतर विसरलो."

मालकीणबाई पुढचं कारण ऐकायला थांबल्या. त्याने दिलं नाही.

"महिनाभर सहली बंद. तबेले झाडायचे."

"हो," तो म्हणाला.

सिस्टरचा हात अजून अर्धा वरच होता. 'पण' नाही, 'त्याचं काय झालं' नाही, नुसतं 'चूक माझी'. नऊ वर्षांत वॉर्डात हे वाक्य तिने स्वतःच्या तोंडून सोडून कोणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. त्याने ते वेळ सांगावी तसं सांगून टाकलं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने तोंड पुसायच्या निमित्ताने टॉवेलमागे मनसोक्त रडून घेतलं.

नंतर ती तबेल्याबाहेरच्या बाकावर पाय बादलीत सोडून बसली. टाचांना मोठाले फोड आले होते. उस्तादने एक डबी आणून दिली.

"मलम आहे. घोड्यांचं, पण माणसांना चालतं."

"नर्सला मलम देताय?"

"नर्सला कोण देतं?"

तिने डबी हातातच ठेवली. "तिथे गेला होतात, तर अडकवलं का नाही?"

तो बाजूच्या फाटकाची कडी उगाच वर-खाली करत राहिला. "तुम्ही झोपला होतात. गाठ तुमच्या खांद्यामागे... हात घालायचा तर तुम्हाला उठवावं लागलं असतं. दोनदा आलो. मग म्हटलं, जाग्या झाल्या की करू. आणि जाग्या झाल्यावर तुम्ही समोर बसून सूप पीत होतात, आणि माझं गाठीकडे काही लक्ष राहिलं नाही."

"चार घोडे गेले असते तुमचे."

"गेले असते. म्हणून तर चूक माझी. वाटभर तेच घोकत होतो, नीट सांगता यावं म्हणून." तो थांबला. "पण खरं विचाराल तर... पुन्हा तशा झोपलात, तर उठवेन की नाही, मला अजून सांगता येत नाही."

कोणीतरी आपल्या झोपेसाठी एवढं गमावलं, या विचाराने तिचा सगळा शीण एकदम अंगावर आला आणि तितकाच हलकाही झाला. तिने पिशवीतून फोन काढला; इथे रेंज होती. त्याच्यासमोरच मेट्रनबाईंना लावला.

"मॅडम, मी त्या पत्रावर सही करणार नाही... हो, विचार करून बोलतेय. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, आणि ते नर्सिंग नोट्समध्ये वेळेसकट लिहिलेलं आहे." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. "नाही मॅडम. चूक माझी नाही."

तिने फोन ठेवला. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि तिने घेऊ दिला.

"आता काय होईल?" त्याने विचारलं.

"भांडण. चौकशी. दोन-चार महिने जातील."

"मग पुढच्या रविवारी इकडे या. कुठे नेता येणार नाही मला. लीद काढत असेन."

"प्रेमात पडलेली माणसं असं आमंत्रण देतात?"

"मी पडलोय, असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच की, आत्ता."

त्याने जरा विचार केला. "हो," तो म्हणाला, "म्हणालो खरं."

फाटकाबाहेर ताईने गाडीचा हॉर्न वाजवला. सिस्टरने पाय बादलीतून काढले, सावकाश पुसले.

"शनिवारी रात्रपाळी आहे माझी," ती म्हणाली. "यायचं तर तिथूनच निघावं लागेल. झोप नाही, अवतार झालेला... फार दमलेली असेन मी."

"तशीच ये," तो म्हणाला.