बाण स्टेशनकडं

नवीन जालन्यात स्टेशनजवळ तातेराव मिस्त्रीचं गॅरेज. बत्तीस वर्षांत आपल्या हातून एक नट वाकडा बसला नाही, असं तो सांगायचा आणि त्याची बोटं पाहिली की ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी हसनाबादचे बद्रीनाथ गुरुजी आपली चाळीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर त्यांची बायको, चतुराबाई, आडवी पडलेली. तोंड सुजलेलं, पाय चपलेत मावत नव्हते, पाणीही मोजून घोटभरच. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जालन्यात आणावं लागे आणि ऊन तापलं की गाडी राजूरच्या पुढं हटकून बंद पडे. मागच्या खेपेला दोन तास रस्त्यावरच गेले. पुन्हा असा उशीर झाला तर बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

तातेरावनं बॉनेट उघडलं आणि दुखणं ओळखलं. कुण्या शहाण्यानं पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप थेट इंजिनाला खेटून बसवला होता. तिथल्या धगीनं पेट्रोलची वाफ होणार आणि वाफ काही पंपाला ओढवत नाही. पंप मागं टाकीपाशी न्यायचा, म्हणजे तो पेट्रोल पुढं ढकलत राहतो. दोन तासांचं काम.

पंपावर बाण कोरलेला असतो. पेट्रोल जायचं त्या अंगाला, म्हणजे इंजिनाकडं, त्याचं टोक ठेवायचं. गाडीखाली काम करायच्या खड्ड्यातल्या अंधारात बाण कुणाला दिसतो? पण तातेरावच्या खड्ड्यावर प्रत्येक गाडी स्टेशनकडं तोंड करून उभी राहायची. त्यामुळं त्याचा हिशोब सोपा होता: बोटानं चाचपायचं आणि बाण स्टेशनकडं वळवायचा.

त्या दिवशी मागची सीट सावलीत यावी म्हणून गाडी उलटी लावली. पत्र्याची सावली एकाच टोकाला होती आणि चतुराबाईला उतरायची ताकद नव्हती. हात मात्र सवयीचेच.

गाडी पहिल्या चावीला लागली.

पंधरा दिवसांनी गुरुजी परत आले. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. तक्रार एकच, काटा बिघडला असावा. त्या दिवसापासून थेंबभर पेट्रोल टाकलं नव्हतं आणि काटा रोज थोडा वरच सरकत होता. तातेरावनं टाकीत काडी घालून पाहिली. काटा खरं बोलत होता.

तो टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरला. बाणाचं टोक टाकीकडं होतं. अशा पंपातून पुढं एक थेंब जाणं शक्य नव्हतं. त्यानं नळीला हात लावला. बाहेर डांबर वितळत होतं, नळी मात्र हिवाळ्यातल्या विहिरीसारखी गार होती. आणि आतून काहीतरी वाहत होतं. पुढून मागं.

वर आला तर चतुराबाई स्वतः उतरून माठापाशी उभी, तांब्या तोंडाला लावून गटागट पाणी पीत होती. डायलिसिस आता आठवड्यातून एकदाच, डॉक्टर चाट पडलेत, असं तिनंच सांगितलं.

गुरुजी स्टेअरिंगवरच बसले होते. चपला काढून ठेवलेल्या. पाय सुजून चकाकत होते.

तातेराव खिडकीपाशी वाकला. "गुरुजी, पंप उलटा बसला. चूक माझी हाय. अर्ध्या घंट्यात सरळ करतो."

"हात लावू नका."

"पुढचं मागं ओढून राह्यला तो."

गुरुजींनी आरशात पाहिलं. "ती पाणी पिऊन राह्यली, मिस्त्री," ते हळू म्हणाले. "दोन वर्षांनी."

त्यांनी चावी फिरवली.

मे सरता सरता गाडी पुन्हा गेटातून आत आली. तातेरावला आधी चालवणारा दिसलाच नाही.

मग दिसला. स्टेअरिंगच्या मागं, सदऱ्यात बुडालेला. डोळे उघडे होते. श्वास चालू होता, फार सावकाश.

मागचं दार उघडून चतुराबाई उतरली. अंगानं भरलेली, गालांवर तकाकी. तिनं नवऱ्याच्या कपाळावरून पदर फिरवला, मायेनं.

"यांच्यानं आता चालवणं होत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "डायवर पाहा एखादा. तरणा पाह्यजे."