तोतया रेणू आणि फ्रीझरवाला

प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर बंद पडला आणि माझी वर्षभराची मेहनत वितळायला लागली, तेव्हा तो आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर हसू.

“एवढं काय जपून ठेवलंय यात?”

“तोतये,” मी वैतागून म्हणाले.

तो बघतच राहिला. मग सांगावंच लागलं — मेंदूतली काही प्रथिनं बिघडतात, एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात, पेशी मरतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. तो हे चिकटणं रोखू शकतो, पण शरीर त्याला लगेच पचवून टाकतं. म्हणून आम्ही हुबेहूब त्याच्यासारखा वागणारा, पण न पचणारा रेणू बनवतो.

“म्हणजे शरीराच्या डोळ्यांत धूळफेक?”

“थोडीशी.”

“जमेल तुम्हाला...” तो फ्रीझरमागे वाकत पुटपुटला. “डोळेच तसे आहेत.”

फ्रीझर सुरू झाला. तरी स्वारी दुसऱ्या दिवशी ‘गॅस तपासायला’ हजर! मग येतच राहिली. चहा सुरू झाला, अरे-तुरे सुरू झालं... आणि लग्नाचं मीच विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. “तुझे तोतये ज्या आजारासाठी आहेत ना, तो बाबांना आहे. आनुवंशिक. मला होण्याची शक्यता निम्मी. तपासणी करायचा धीर होत नाही. तू... दुसरा कुणी बघ.”

त्यानंतर दुरुस्तीला दुसराच माणूस यायला लागला.

आई म्हणाली, “सुटलीस! जाणूनबुजून विहिरीत उडी कोण मारतं?”

“मी. पोहता येतं मला,” म्हणत मी चपला घातल्या आणि थेट त्याचं घर गाठलं.

तो बाबांना जेवण भरवत होता. बाबांचे हात, मान, सगळं अंग आपोआप हलत होतं. मला पाहून तो दचकला.

“औषधाच्या भरवशावर आलीस?”

“औषध? अजून उंदरांनाही धड लागू पडत नाही ते. मी तुझ्यासाठी आलेय.”

“उद्या माझंही असंच झालं तर?”

“तर मी भरवीन. आणि तुझ्या नशिबाशी भांडायचाच तर मला पगार मिळतो!”

“आणि मुलंबाळं?”

“ते दोघं मिळून ठरवू. आज तुझं काय ते बोल.”

त्याचा चमचा हातात तसाच. बाबांनी मान कशीबशी माझ्याकडे वळवली, मग त्याच्याकडे. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, “अरे गाढवा... बोल... की!”

“हो,” तो म्हणाला — इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

“बाबांना ऐकू नाही गेलं,” मी म्हटलं.

तो हसला... डोळे पुसले... आणि शेजारपाजाऱ्यांनाही कळेल एवढ्या मोठ्यांदा ओरडला, “हो!”