दुखण्याची दिशा

जंगलाच्या कडेच्या जमिनीची मोजणी आटोपून ती घरी आली, तेव्हा गुडघ्याच्या मागे एक गोचीड चिकटलेली होती. तिने ती चिमट्याने ओढून काढली आणि विसरून गेली. मग तिथे चट्टा उठला, मधे फिकट आणि कडेने रोज रुंदावत जाणारा. ताप आला, मान आखडली. डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहताच आजाराचं नाव सांगितलं, लाइम, आणि गोळ्या सुरू केल्या. तिने एकही चुकवली नाही. ताप उतरला, चट्टा विरला.

दुखणं मात्र गेलं नाही. जिना अर्धा चढला की तिला पायरीवर बसावं लागे. उजेड डोळ्यांना बोचे. एकदा ऑफिसात यंत्र ठेवायची तिवई समोर उभी असताना तिला ‘तिवई’ हा शब्दच आठवेना. ती नुसतीच बोटाने दाखवत राहिली. सुरुवातीला लोक चौकशी करायचे. मग ‘दिसतेस तर ठणठणीत’ म्हणू लागले. पुढे तेही थांबलं. ती एकटीच राहायची, त्यामुळे घरी विचारायला कुणी नव्हतं.

ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काही जणांना उपचारानंतरही महिनोन् महिने असा त्रास होतो, त्या म्हणाल्या. जंतू गेले तरी शरीर लढाईच्या पवित्र्यातच राहत असावं, असा एक अंदाज आहे. नक्की कारण अजून कुणाला सांगता येत नाही. आणखी गोळ्यांनी फायदा होत नाही. विश्रांती घ्यायची, झेपेल तेवढंच करायचं.

“तुम्हाला दुखतंय हे खरं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.”

दवाखान्याच्या जिन्यात बसून ती बराच वेळ रडली.

खिडकीतला उजेड तोंडावर येऊ नये म्हणून एका सकाळी तिने पलंग फिरवला, आणि दुपारी आडवी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दुखणं बाजू बदलून बसलंय. इतके दिवस डावा गुडघा, डावा खांदा, डावा जबडा ठणकायचा. आता उजवा. ती उठली. खोलीच्या मधोमध उभी राहून सावकाश स्वतःभोवती फिरली. ठणका गुडघ्यावरून पाठीत गेला, पाठीतून दुसऱ्या कुशीत. ती फिरत होती. तो जागचा हलत नव्हता. तो खिडकीच्या बाजूने येत होता.

तिने धाकट्या बहिणीला फोन केला.

“आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना पाऊस कळतो,” बहीण हसली. “तुझ्या गुडघ्यांना नकाशा कळायला लागला बघ.” मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, “ताई, थोडे दिवस माझ्याकडे येऊन राहा ना.”

ती गेली. बहिणीचं गाव बरंच लांब होतं. तिथल्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला, ती पुन्हा तशीच फिरली. दिशा होती, पण वेगळी.

दोन ठिकाणांहून दोन दिशा मिळाल्यावर तिच्या धंद्यातल्या कुणीही जे केलं असतं, तेच तिने केलं. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि दोन रेघा ओढल्या. त्या एकमेकींना छेदत होत्या, गोचीड चिकटली होती त्याच जंगलाच्या कडेला. डॉक्टरीणबाईंना तिने हे सांगितलं नाही. विश्वास ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं.

हद्दीचा एक दगड पुन्हा तपासायचाय, असं तिने दादाला सांगितलं. दादा ऑफिसातला जुना मोजणीदार. कित्येक वर्षं फितीचं दुसरं टोक त्याच्याच हातात असायचं. गाडी झाडांपाशी लावून तो थर्मास उघडत बसला आणि ती एकटीच आत गेली.

आधी ठणका समोरून येत होता. प्रत्येक पावलागणिक वाढत होता. मग एके ठिकाणी तो खालून आला, तळपायांतून.

तिथलं गवत दबलेलं होतं. माणूस कुशीवर झोपल्यावर दबतं तसं. एक पाय दुमडलेला, एक हात डोक्याखाली. आजारी पडल्यापासून ती अशीच झोपायची.

तिने वाकून हात लावला. आजूबाजूचं गवत दवाने ओलं होतं. हे कोरडं होतं आणि कोमट.

परत फिरावं, दादाला हाक मारावी, हे तिला कळत होतं. पण आता एक पाऊलही टाकवत नव्हतं. जरा टेकू, असं म्हणून ती खाली बसली. मग आडवी झाली. पाय दुमडला. हात डोक्याखाली घेतला.

खळगा तिला अगदी बरोबर बसला.

आधी कंबर शांत झाली. मग खांदा. मग जबडा. न दुखणारं शरीर कसं असतं हे ती विसरूनच गेली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उठू थोड्या वेळाने, तिने स्वतःला सांगितलं.

“झालं का गं?” दादाची हाक आली.

तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. हात उचलायला गेली, तोही उचलला नाही.

झाडांपलीकडे, गाडीच्या बाजूला, वाळकी पानं वाजली.

“झालं, दादा,” एक बाई म्हणाली. आवाज तिचा स्वतःचाच होता.

“आज चाल बरी दिसतेय तुझी,” दादा म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटलेलं ऐकू येत होतं.

“हो. आज काहीच दुखत नाहीये.”

गाडीचा एक दरवाजा लागला. पाठोपाठ दुसरा.