कानामागची राखण

पाहुणे अकराला अक्षदाला बघायला येणार होते. तिच्या आईने, मालनने, नऊलाच कानामागची राखण सोलून काढली आणि तांदळाच्या डब्यात लपवली.

राखण म्हणजे नखाएवढी चकती. केसाहून बारीक सुयांनी ती कातडीखालचा द्रव सतत चाखायची. न्यूमोनियाचा जंतू रक्तात शिरला, की तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचायच्या आत फोन बोंबलायचा. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरलेल्या माणसाला असा मेंदूज्वर बघता बघता गिळतो, म्हणून सरकारी केंद्र राखण फक्त एचआयव्ही असलेल्यांना देई. तिथेच घोळ झाला होता. कानामागे हिरवा ठिपका दिसला, की सगळ्या गावाला आजार कळायचा.

"नको काढूस आई," अक्षदा म्हणाली. "काल अंग तापलं होतं तुझं."

"बेदाण्याच्या शेडवरचं ऊन बाधलं गं. तुझं जमू दे, मग लावते की."

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईला अक्षदा मनापासून आवडली. एकच्या सुमाराला मालनचं डोकं फुटायला लागलं, खिडकीतला उजेड डोळ्यांत खुपू लागला. आत जाऊन तिने राखण चिकटवली.

फोनवर अक्षरं उमटली : 'ओळख करून घेत आहे. सहा तास थांबा.'

काढलेली राखण अंगाशी नव्याने ओळख झाल्याशिवाय बोलत नाही, हे केंद्रातल्या बाईंनी तीनतीनदा बजावलं होतं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने हनुवटी छातीला टेकवून पाहिली. मान हलेना. भिंत धरत तिने अक्षदाला आत बोलावलं.

"अक्षे, गाडी बोलीव," ती कशीबशी म्हणाली.

रुग्णवाहिका आली तेव्हा पाहुणे बाहेरच्या खोलीत लग्नाच्या याद्यांची बोलणी करत होते. स्ट्रेचर त्यांच्यामधूनच न्यावं लागलं. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरने तिथेच थांबून विचारलं, "मावशी, आधीचा काही आजार? खरं सांगा, औषध त्यावर ठरतं."

मालनची जीभ जड झाली होती. तिने पदर कानावर ओढला. अक्षदाने तो हळूच बाजूला केला.

"एचआयव्ही आहे. राखण सकाळी काढली होती. माझ्यासाठी."

उजेड सोसत नव्हता म्हणून मालनचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि बांगड्या वाजल्या. मुलाची आई उठली होती. चपला घालायला, की स्ट्रेचरला हात लावायला?